दहा दिवसांचं वजन

दोन उपग्रह, एकामागून एक,
मध्ये दोनशेवीस किलोमीटर.
पुढच्याला खालून ओढ लागते, तो जरासा पुढे निसटतो;
मग मागच्यालाही तीच ओढ लागते.
केसाच्या जाडीचा लहानसा अंश, एवढाच फरक.
त्या फरकाला आम्ही बर्फ म्हणतो.

लगेच नाही म्हणत.
आधी हवेचं वजन वजा करायचं,
भरती वजा, ओहोटी वजा,
आणि तो खोल खडक, जो मागच्या हिमयुगाच्या ओझ्याखालून
अजून सावकाश वर येतोय, तोही वजा.
मग उरतात नकाशाभर उभ्या पट्ट्या,
आणि पट्ट्यांच्या आड कुठेतरी
ग्रीनलंड.

महिन्याचा हिशेब जमतो.
सगळी पृथ्वी धाग्याने विणून काढायला
त्या दोघांना साधारण तेवढे दिवस लागतात.
मला दहा दिवसांचा हवा होता.
थोर्किल म्हणाला, दहा दिवसांत तुला गोंगाट मिळेल,
आणि कोपनहेगनच्या त्या खोलीतला हीटर बंद करून घरी गेला.

ऑक्टोबरचे मधले दहा दिवस.
वायव्य किनाऱ्यावर आकडा चढलेला:
नऊ अब्ज टन, अधिक.
वर्षानुवर्षं ज्या रकान्यात मी फक्त उणे लिहीत आलो
तिथे हे अधिक, कुणीतरी चुकून सोडलेल्या नाण्यासारखं.
दोनदा गणित तपासलं. तिसऱ्यांदा
कुल्लोर्सुआकला फोन लावला.

तुकुम्मेक तिथल्या खडकावरच्या आमच्या अँटेनाची राखण करते,
म्हणजे फावड्याने तिचं तोंड मोकळं ठेवते.
ती म्हणाली, तीन रात्री पडला.
बरं, दार आत उघडतं.
कुत्री सगळी गाडली गेली होती.
सकाळी बाहेर नुसता सपाट पांढरा,
आणि त्यात श्वासाने पडलेली भोकं.
भोकं मोजली मी. सोळा.
सगळी होती.

मी काही बोललो नाही.
वीस वर्षं पट्ट्यांमागचं काहीतरी शोधतोय,
पद्धत इतकी सोपी करून कुणी सांगितली नव्हती.

किती भरला, तिने विचारलं.
नऊ अब्ज टन.
त्यात माझ्या दारातला धरलास का?
मी तो काढून टाकलाय.

मग शिडीचं सांगितलं.
धक्क्याची शिडी उस्सार्काकला पुरेना,
होडी आता खाली राहते, पाय अधांतरी.
त्याने खालून आणखी एक पायरी ठोकली.
मला कारण माहीत होतं, सांगितलं:
ओझं उतरलेल्या हमालाची पाठ यावी
तसा तुमचा खडक वर येतोय.
आणि बर्फ इतका जड होता
की समुद्राला स्वतःकडे ओढून धरायचा.
आता ती पकड सैल पडतेय.

बराच वेळ फोनवर फक्त वारा.
मग ती म्हणाली,
समुद्र मग गेला कुठे?
मी म्हणालो, लाइन नीट ऐकू येत नाही.

जुलैत पुन्हा दहा दिवस. बर्फावर पाऊस पडला.
ते नऊ गेले, आणि त्यांच्यामागून
आणखी किती, ते थोर्किलने दुसऱ्यांदा विचारलं नाही.
बर्फाची प्रकृती तोळामासा,
आणि आमचं सगळ्यात बारीक माप अब्ज टनांचं.

या वेळी मी फोन केला नाही.
तिनेच केला.
अँटेना ठीक आहे, म्हणाली, फावड्याचं काही काम नाही.
कुत्री चिखलात पसरलीत, मोजायला काही कष्ट नाहीत.
तुझा आकडा काय म्हणतो ते नको सांगूस.
पुढच्या बोटीने लाकूड पाठव,
दोन हात लांब, जाडसर.
खिळे आहेत माझ्याकडे.